१२ मागांवरचे १२ अर्डुइनो नॅनो एकाच कॉम्प्युटरला जोडायचेत, यूएसबी हबवर टिकत नाहीये, काय करू?

मागावरचा_पोरगा

नमस्कार मंडळी. आमचा अक्कलकोट रोडला टॉवेलचा छोटा कारखाना आहे, १२ माग, सहा-सहाच्या दोन ओळी, मधे चालायला वाट आणि कोपऱ्यात पप्पांचं टेबल, कॉम्प्युटर तिथेच. मी ईअँडटीसीचा डिप्लोमा केलाय आणि आता कारखान्यातच बसतो. आमच्याकडे मजुरी नगावर, त्यामुळे कुठल्या मागावर किती पिक (म्हणजे बाण्याचे आडवे धागे) पडले हा सगळ्यांच्या पोटाचा विषय आहे. आजपर्यंत पप्पा वहीत लिहायचे, विणकर आपला आकडा डोक्यात ठेवायचा, आणि पगाराच्या दिवशी दोन्ही जुळले नाहीत की दोघांचंही तोंड कडू. मला हे थांबवायचंय. आकडा असा पाहिजे की जो पप्पांना दिसतो तोच विणकराला दिसतो.

केलंय काय ते सांगतो. प्रत्येक मागाच्या क्रँक शाफ्टला छोटा लोहचुंबक चिकटवला आणि समोर ए३१४४ हॉल सेन्सर, म्हणजे चुंबक समोर आला की कळवणारा. शाफ्टचा एक फेरा म्हणजे एक पिक. आधी आयआर सेन्सर लावला होता पण टॉवेलच्या कारखान्यात कापसाचं तूस इतकं उडतं की दुपारपर्यंत त्याच्या डोळ्यावर पांघरूण बसायचं. हॉलला तुसाचं काही देणंघेणं नाही, तो भाग मस्त चाललाय. सेन्सर अर्डुइनो नॅनोच्या (प्रोग्राम चढवता येणारा छोटा बोर्ड) पिन २ ला इंटरप्टवर, म्हणजे पल्स आला की हातातलं काम थांबवून आधी तो मोजायचा, नॅनो मोजतो आणि यूएसबीवरून कॉम्प्युटरला आकडा पाठवतो.

घरी टेबलावर चार नॅनो लावून आठ दिवस चालवले, एक पिक इकडचा तिकडे नाही. कारखान्यात १२ लावले आणि सगळं बिघडलं. एक, लाइट जाऊन आली की कॉम पोर्टचे नंबर बदलतात, काल ३ नंबरच्या मागाचा आकडा ८ नंबरच्या खात्यात गेला. दोन, शेजारचा माग चालू करताना कॉन्टॅक्टर (मोटारीचा मोठा स्विच) खाडकन ओढला की तीन-चार नॅनो एकदम गायब, परत केबल काढून घातली की येतात. तीन, मी प्रोग्राम बंद करून चालू केला की सगळ्यांचे आकडे शून्य. लांबच्या मागापर्यंत केबल पुरत नाही म्हणून एक्स्टेन्शनला एक्स्टेन्शन जोडून १० मीटर केलीय. हब १६ पोर्टचा घेतलाय, अडॅप्टरवाला.

आता दुकानदार म्हणतो अजून भारी हब घ्या. एक मित्र म्हणतो ८ पोर्टचं सिरियल कार्ड बसव. दुसरा म्हणतो सगळ्या नॅनोचे टीएक्स (आकडा बाहेर पाठवणारी पिन) एकत्र जोडून एकच वायर कॉम्प्युटरला आण. हबचे पैसे आधीच गेलेत, पप्पांकडे परत मागायचे तर यावेळी नीट विचारून मागावे म्हणून इथे लिहितोय. कुणी असं खरंच चालवलंय का?

जुळे_सोलापूर_टेक

पोर्टचा आणि शून्य होण्याचा प्रश्न आधी घेतो कारण तो समजायला सोपा आहे. तुझे नॅनो स्वस्तवाले असतील तर त्यावर सीएच३४० चिप असणार, लांबट काळी, यूएसबीच्या बाजूला. त्या चिपमध्ये सहसा स्वतःचा वेगळा सिरियल नंबर नसतो, म्हणजे विंडोजला तुझे १२ च्या १२ नॅनो एकाच चेहऱ्याचे दिसतात आणि ते कुठल्या खोबणीत घुसलेत त्यावरून तो नंबर देतो. खोबण बदलली की नंबर बदलला. एफटी२३२ची अस्सल चिप असती तर प्रत्येकीला आपला नंबर असतो. लिनक्सवर असशील तर डेव्ह-सिरियल-बाय-पाथ नावाचा फोल्डर बघ, तिथे खोबणीवरून कायमचं नाव मिळतं, पण हब तोच आणि खोबण तीच ठेवावी लागते.

त्यापेक्षा साधा उपाय म्हणजे नंबरवर विश्वासच ठेवू नको. प्रत्येक नॅनोने आकड्याबरोबर आपला माग नंबर पाठवायचा, मग तो कुठल्याही कॉमवर येऊ दे.

शून्य होतंय ते असं, की कॉम्प्युटरने पोर्ट उघडला की डीटीआर नावाची एक सिग्नल लाइन खाली जाते आणि बोर्डवरच्या ०.१ मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरमधून नॅनोला रिसेट बसतो. प्रोग्राम चढवताना सोय म्हणून ते मुद्दाम दिलंय. चालू कामात नको असेल तर रिसेट आणि ग्राउंडमध्ये १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लाव, प्लस रिसेटकडे. प्रोग्राम चढवताना मात्र काढायचा.

पण एक्स्टेन्शनला एक्स्टेन्शन जोडलेली यूएसबी, तीही मोटारींच्या शेजारून, ती मला पटत नाही. ५ मीटरच्या पुढे यूएसबी केबल चालेलच असं कुणी सांगत नाही.

ईएसपी_बार्शी

भाऊ वायरच का पाहिजे? ईएसपी३२ घे, वायफायवर एमक्यूटीटीने (छोटे निरोप पाठवायची पद्धत) पाठव, कॉम्प्युटरवर ते निरोप घेणारा मॉस्किटो ब्रोकर चालव, वायरचा विषयच संपला. मी आमच्या गोडाऊनमध्ये तापमानाला ५ लावलेत, दोन वर्षं चाललेत.

मागावरचा_पोरगा

@ईएसपी_बार्शी दादा विचार केला होता पण १२ नॅनो घेऊन झालेत, आणि आमच्याकडे लाइट गेली की राउटर उठेपर्यंत माग आधी चालू होतात, तेवढ्यातले पिक ईएसपीतच धरून ठेवायचे वगैरे सगळं परत लिहायला लागेल. शिवाय पत्र्याचं शेड, लोखंडी माग, वायफाय दुसऱ्या ओळीच्या शेवटी मोबाइललाच नीट मिळत नाही. वायरने जमत असेल तर वायरनेच करतो.

@जुळे_सोलापूर_टेक सर कपॅसिटर आजच लावून बघतो. माग नंबर पाठवायचं सुचलंच नव्हतं.

साखर_इन्स्ट्रुमेंट

मी जिल्ह्यातल्याच एका साखर कारखान्यात इन्स्ट्रुमेंटेशनला २२ वर्षं आहे. तुझा प्रश्न वाचला आणि राहवलं नाही म्हणून मोठं लिहितोय, चहा घेऊन वाच.

हब भारी घेऊ नको, कार्डही घेऊ नको. तुझ्याकडे कॉम्प्युटर कमी पडत नाहीये, बारा पोर्ट तो झोपेत सांभाळेल. कमी पडतेय ती वायर. यूएसबी ही टेबलावरची वायर आहे, की-बोर्ड, माऊस, पेन ड्राइव्ह. नॅनोमधून निघणारं टीटीएल सिरियल म्हणजे ० आणि ५ व्होल्ट, ते दोन बोर्ड शेजारी असतील तेव्हाचं. मित्र जे ८ पोर्टचं कार्ड म्हणतोय ते आरएस-२३२, साधारण १५ मीटरपर्यंतचं, आणि त्याला प्रत्येक मागापासून टेबलापर्यंत वेगळी केबल ओढावी लागेल, शिवाय प्रत्येक नॅनोला मॅक्स२३२ ही व्होल्टेज बदलणारी चिप लावावी लागेल कारण त्याचे व्होल्टेज उलटे-सुलटे आणि जास्तीचे असतात, सरळ जोडलंस तर नॅनोची पिन जाईल.

आमच्याकडे बॉयलरपासून पॅनपर्यंत जे इन्स्ट्रुमेंट एकमेकांशी बोलतात ते आरएस-४८५ वर. दोन वायरी, ए आणि बी, एकमेकींभोवती पिळलेल्या. एक वर जाते तेव्हा दुसरी खाली, आणि घेणारा फक्त दोघींतला फरक बघतो. तुझा कॉन्टॅक्टर खाडकन ओढला की जो झटका बसतो तो दोन्ही वायरींना सारखाच बसतो, फरक तेवढाच राहतो, म्हणून घेणाऱ्याला काही कळतच नाही. याच कारणाने ते १२०० मीटरपर्यंत जातं. तुझं शेड फार तर ५० मीटर वायरीचं, त्याला हे म्हणजे काहीच नाही. आणि साध्या चिपवरही एका जोडीवर ३२ जण बसतात, तुझे १२ आणि कॉम्प्युटर मिळून १३.

लागणार काय तर प्रत्येक नॅनोला एक मॅक्स४८५चं (टीटीएलचं आरएस-४८५ करणारी चिप) छोटं मोड्यूल, आणि कॉम्प्युटरला एकच यूएसबी ते आरएस-४८५ कन्व्हर्टर. कन्व्हर्टर आयसोलेटेड (दोन्ही बाजू विजेने वेगळ्या ठेवणारा) मिळाला तर तोच घे, थोडे पैसे जास्त जातील पण मोटारींच्या जागेत कॉम्प्युटरचा जीव वाचतो.

आता वायर कशी ओढायची, इथेच बहुतेक लोक चुकतात. टेबलापासून प्रत्येक मागाला वेगळी फांदी काढायची नाही. एकच वायर टेबलापासून निघणार, पहिल्या ओळीच्या १ नंबरला, तिथून २ ला, ३ ला, अशी ६ पर्यंत, मग वाट ओलांडून दुसऱ्या ओळीत ७ पासून १२ पर्यंत. माळेत मणी ओवतात तसं. मागाशी थांबताना वायर मोड्यूलच्या स्क्रूत येणार आणि त्याच स्क्रूतून पुढे जाणार, मधली फांदी वीतभराच्या वर नको. साधी नेटवर्कची कॅट-५ केबल चालते, तिची एक जोडी ए-बीला आणि दुसऱ्या जोडीतून ग्राउंड न्यायचं. ग्राउंड विसरू नको, दोनच वायरी म्हणतात सगळे पण तिसरी लागतेच. मॅक्स४८५ दोन टोकांच्या ग्राउंडमधला फरक -७ ते +१२ व्होल्टपर्यंत सोसतो, मोटारींच्या शेडमध्ये तो त्याच्या बाहेर कधी जाईल सांगता येत नाही.

माळेच्या दोन्ही टोकांना १२० ओमचा रेझिस्टर, ए आणि बीच्या मधे. फक्त दोन टोकांना. आणि आता हे नीट वाच. बाजारातल्या त्या निळ्या मोड्यूलवर १२० ओम आधीच बसवलेला असतो, बहुतेकांवर आर७ लिहिलेलं असतं आणि रेझिस्टरच्या पाठीवर १२१, म्हणजे १२ आणि पुढे एक शून्य. तू बारा मोड्यूल जोडलेस की बारा रेझिस्टर समांतर, म्हणजे १० ओम झाले. चिप ५४ ओमवर चालवायला बनवलीय, १० ओमवर ती बिचारी तापेल आणि सिग्नल दबून जाईल. म्हणून टोकाचं एक सोडून बाकी अकरांवरचा तो रेझिस्टर सोल्डरिंगने काढून टाक. दुसरं टोक कॉम्प्युटरच्या कन्व्हर्टरकडे, त्यात असेल तर ठीक, नसेल तर तिथे एक लाव.

पॉवर. यूएसबी गेली म्हणजे नॅनोला ५ व्होल्ट कुठून येणार? लांबवर ५ व्होल्ट नेऊ नको, शेवटच्या मागापर्यंत त्याचे साडेचार होतील. १२ व्होल्टचा एक एसएमपीएस टेबलाजवळ, १२ व्होल्ट सगळीकडे फिरव आणि प्रत्येक मागाशी एलएम२५९६चं छोटं मोड्यूल लावून ५ कर. ते मोड्यूल नॅनोला जोडायच्या आधी मल्टीमीटर लावून स्क्रू फिरवून ५ वर आण, नवीन मोड्यूल कितीवर सेट असेल याचा भरवसा नसतो.

आणि कॉन्टॅक्टरच्या कॉइलवर आरसी स्नबर (झटका शोषणारी रेझिस्टर-कपॅसिटरची जोडी) बसवून घे, १०० ओम आणि ०.१ मायक्रोफॅरड एक्स२ दर्जाचा. ते काम तुझ्या इलेक्ट्रिशियनकडून कर, मेनवर स्वतः हात घालू नको.

आता बोलायची शिस्त. वायर एकच आहे, दोघं एकदम बोलले की कुणाचंच कळत नाही. म्हणून नॅनोने आपणहून काहीही पाठवायचं नाही. कॉम्प्युटर विचारणार, "५ नंबर, किती?" आणि फक्त ५ नंबर उत्तर देणार, बाकी अकरा ऐकून गप्प. हेच मॉडबस आरटीयू, मॉडिकॉन कंपनीने १९७९ मध्ये आणलं आणि आमच्याकडचं अर्ध इन्स्ट्रुमेंटेशन अजून त्याच्यावर चालतं. पत्ते १ ते २४७, शेवटी दोन बाइटचा सीआरसी (निरोपावरून काढलेला पडताळणीचा आकडा), म्हणजे मधे एखादा बिट बिघडला तर खोटा आकडा आत येत नाही, आलेला निरोप टाकून द्यायचा आणि परत विचारायचं. मजुरीचा आकडा आहे, त्यामुळे सीआरसीशिवाय करू नकोस.

वेगाची काळजी करू नको. ९६०० बॉडला एक बाइट जवळपास १ मिलिसेकंद. प्रश्न ८ बाइट, ३२ बिटच्या आकड्याचं उत्तर ९ बाइट, मधली शांतता धरून एका मागाला ३० मिलिसेकंदच्या आतबाहेर. बारा माग अर्ध्या सेकंदाच्या आत विचारून होतात. तुझा माग मिनिटाला शंभर-सव्वाशे पिक मारत असेल, त्याला हे भरपूर.

जुळे_सोलापूर_टेक

सरांनी सगळंच सांगितलं. टीएक्स एकत्र जोडायच्या सल्ल्याबद्दल तेवढं राहिलं, ते कृपया करू नको. टीएक्स रिकामी असते तेव्हा ५ व्होल्टवर जोर लावून उभी असते. एक नॅनो तिला शून्यावर ओढणार आणि बाकी अकरा वर ढकलणार, पिनची कमाल मर्यादा ४० मिलिअँपिअरची, जळायला वेळ लागणार नाही. प्रत्येक टीएक्सला डायोड लावून एक पुलअप (वायर वर ओढून धरणारा रेझिस्टर) देऊन ते जमवता येतं, मी एका पेटीत चार बोर्ड तसे चालवलेत, पण पेटीच्या आत. शेडभर नाही.

मागावरचा_पोरगा

सर लई आभार, तुमची पोस्ट प्रिंट काढून टेबलाच्या काचेखाली ठेवलीय. पप्पांना वाचून दाखवली, ते फक्त माळेतले मणी एवढ्यावर हो म्हणाले आणि पैसे दिले.

तीन माग जोडून बघितलेत. मोड्यूलच्या डीआय (पाठवायची) आणि आरओ (ऐकायची) नॅनोच्या पिन १ आणि ० ला, डीई आणि आरई (बोलायचं की ऐकायचं ठरवणाऱ्या) एकत्र करून पिन ४ ला. आता दोन अडचणी. मोड्यूल जोडलेलं असताना नॅनोत प्रोग्राम चढतच नाही, एरर येते. आणि उत्तर येतं पण शेवटचे एक-दोन बाइट कचरा, सीआरसी दर वेळी चुकतो. ए-बी उलटसुलट करून बघितलं, मग तर काहीच येत नाही, म्हणजे आधीचं बरोबर होतं.

रजिस्टर_वाचणारी

मी पुण्यात फर्मवेअरचं काम करते, माहेर सोलापूरचं, बाळीवेस. टॉवेलचा विषय बघून थांबले.

प्रोग्राम चढत नाही कारण पिन ० आणि १ या यूएसबीच्या चिपलाही जोडलेल्या आहेत. यूएसबीची चिप पिन ० शी १ किलोओममधून बोलते आणि तुझ्या मोड्यूलचा आरओ थेट जोडलेला, त्याचा आवाज मोठा, यूएसबीचं काही ऐकूच येत नाही. आरओच्या वायरीत एक जंपर ठेव, प्रोग्राम चढवताना काढायचा. किंवा ४८५ पिन १० आणि ११ वर सॉफ्टवेअर सिरियलने चालव. लोक म्हणतील सॉफ्टवेअर सिरियल इंटरप्ट अडवतं आणि पिक चुकतील. अडवतं हे खरं, पण ९६०० ला एका बाइटपुरतं, म्हणजे मिलिसेकंदभर, आणि त्यात आलेला एक पल्स चिप झेंडा लावून ठेवते, मग सावकाश मोजते. सेकंदाला दोन पिक असताना काहीही हरवत नाही. ११५२०० च्या नादी मात्र लागू नको, १६ मेगाहर्ट्झवर तो वेग नीट विभागला जात नाही, दोन-साडेतीन टक्क्यांची चूक पडते.

शेवटचे बाइट कचरा येण्याचं कारण मी पैजेवर सांगते. तू सिरियल राइट करून लगेच पिन ४ खाली ओढतोयस. राइट म्हणजे पाठवून झालं असं नाही, ते फक्त ६४ बाइटच्या बफरमध्ये टाकतं आणि परत येतं, अक्षरं नंतर एकेक करून बाहेर पडतात. तू तोंड आधीच बंद केलंस. राइटनंतर सिरियल फ्लश लिही, तो शेवटचा बिट जाईपर्यंत थांबतो, मग पिन ४ खाली घे. उलट फार वेळ वर ठेवलीस तर कॉम्प्युटरच्या पुढच्या प्रश्नावर तुझा नॅनो बसलेला असेल, म्हणून उगाच डिले टाकू नको. हे हार्डवेअर सिरियलवर राहिलास तर.

आता न विचारलेलं सांगते कारण मजुरीचा मामला आहे. तुझा नॅनो आकडा पाठवून आपला काउंटर शून्य करतो का? करत असेल तर आजच बदल. उत्तर वाटेत बिघडलं की तेवढे पिक कायमचे गेले, कॉम्प्युटरलाही नाहीत आणि नॅनोकडेही नाहीत. नॅनोने कायम चढता एकूण आकडा ठेवायचा, कधीच शून्य करायचा नाही, आणि कॉम्प्युटरने आत्ताच्या आकड्यातून मागचा वजा करायचा. एखादं उत्तर हुकलं तर पुढच्या उत्तरात ते पिक आपोआप येतात. आकडा अचानक लहान झाला तर समजायचं की नॅनो रिसेट झाला, तशी नोंद कर आणि तिथून पुढे मोज. लाइट जाते त्यासाठी ईईप्रॉममध्ये (लाइट गेली तरी न पुसणारी मेमरी) ठेवणार असशील तर प्रत्येक पिकला लिहू नको, एका जागेवर १,००,००० वेळाच लिहिता येतं, मिनिटाला सव्वाशे पिकने ती जागा १४ तासांतच संपेल. पाच मिनिटाला एकदा, जागा बदलत बदलत.

आणि काउंटर व्होलाटाइल कर (म्हणजे प्रोग्राम दर वेळी ताजा आकडा वाचेल), वाचताना इंटरप्ट क्षणभर बंद कर. ३२ बिटचा आकडा ८ बिटची चिप चार तुकड्यांत उचलते, मधेच पिक पडला तर अर्धा जुना अर्धा नवा असा आकडा हातात येतो. महिन्यातून एकदाच होईल, आणि नेमका तेव्हाच कुणाशी तरी वाद होईल.

पत्त्यासाठी ४ खटक्यांचा डिप स्विच लाव, चार पिनवर. मग बाराही नॅनोत एकच प्रोग्राम आणि एखादा मेला तर जॉबर (माग दुरुस्त करणारा) सुद्धा खटके बघून नवीन लावू शकेल, तू गावाला असलास तरी.

मागावरचा_पोरगा

ताई फ्लशच होता!! एक ओळ टाकली आणि तिन्ही मागांचे सीआरसी धडाधड बरोबर. आणि हो, मी शून्य करत होतो. बदलतोय. डिप स्विच पण आणलेत.

साखर_इन्स्ट्रुमेंट

शाब्बास. बाराही जोडशील तेव्हा एकेक माग वाढवत जा, बाराही एकदम नको. एक जोडला, अर्धा तास बघितला, पुढचा. बिघाड आला तर कुठे आला ते शोधत बसावं लागत नाही. आणि कॉम्प्युटरच्या प्रोग्राममध्ये प्रत्येक पत्त्याला किती वेळा उत्तर आलं नाही आणि किती वेळा सीआरसी चुकला हे वेगवेगळं मोज. उत्तरच नाही म्हणजे पॉवर किंवा वायर तुटली. सीआरसी चुकतोय म्हणजे वायरीत घुसलेला विजेचा गोंगाट किंवा रेझिस्टर.

मागावरचा_पोरगा

मंडळी, ११ दिवस झाले म्हणून परत आलोय.

बाराही माग चालू आहेत. सर म्हणाले तसं एकेक वाढवत गेलो. ९ नंबरला सीआरसी चुकायला लागले, मोड्यूल उघडून बघितलं तर १२१ लिहिलेला रेझिस्टर काढायचा राहिला होता, तुसाखाली दिसलाच नव्हता. काढला, थांबलं. आता सगळी मोड्यूल झाकणाच्या डब्यात घातलीत. कॉम्प्युटरवर पायथन आणि त्यातली मिनिमलमॉडबस लायब्ररी, कन्व्हर्टर एक, कॉम पोर्ट एक. परवा दुपारी लाइट तीनदा गेली, एकही आकडा दुसऱ्याच्या खात्यात गेला नाही. कॉन्टॅक्टर ओढला की आता फक्त आवाज येतो.

टेबलावरच्या स्क्रीनचं तोंड वाटेकडे केलंय, येता-जाता सगळ्यांना आपल्या मागाचा आकडा दिसतो.

पण एक गोष्ट झाली ती इथे लिहायलाच पाहिजे. ४ नंबरवर आमचे सगळ्यात जुने विणकर आहेत, सगळे त्यांना मामा म्हणतात. त्यांचा आकडा रोज वहीपेक्षा जास्त यायचा, कधी २०, कधी ३०-४० पिक. मी म्हटलं बरंय की मामा, तुमच्याच फायद्याचं आहे. तर ते म्हणाले, नको, हा माझा आकडा नाही. आणि मला हाताला धरून मागाशी नेलं. बाण्याचा धागा तुटला होता, माग थांबला होता. त्यांनी चाकाला हात घालून माग उलटा फिरवला, दोन पिक मागे गेले, तुटका धागा उसवून काढला, परत पुढे फिरवला. मग डब्याकडे बोट दाखवून म्हणाले, बघ, मी मागे गेलो तेही तुझ्या डब्याने मोजलं, पुढे आलो तेही मोजलं, टॉवेल तर तेवढाच आहे. बाकीच्या मागांवरही हे होतंच होतं, पण मामा दिवसातून जास्त वेळा उसवतात कारण ते खोट राहू देत नाहीत.

चुंबक सेन्सरसमोरून सरळ गेला की उलटा हे एका सेन्सरला कळणारच नाही. नॅनोची पिन ३ रिकामी आहे, तिलाही इंटरप्ट आहे. दुसरा ए३१४४ तिथे लावला तर दिशा कळेल ना? आणि तो शाफ्टवर पहिल्यापासून किती लांब ठेवू?

रजिस्टर_वाचणारी

कळेल. समोरासमोर ठेवू नको, तिथे कोण आधी आणि कोण नंतर हे ठरवता येणार नाही. पहिल्याच्या अगदी शेजारी ठेव, इतका जवळ की चुंबक जाताना क्षणभर दोघंही लागलेले असतील. मग सरळ फिरताना क्रम असा येतो, पहिला, दोन्ही, दुसरा, काहीच नाही. उलट फिरताना दुसरा, दोन्ही, पहिला, काहीच नाही. पूर्ण क्रम झाला तरच एक वाढव किंवा एक कमी कर. हाताने फिरवताना चुंबक अर्ध्यावर येऊन परत मागे जातो, तेव्हा क्रम पूर्ण होत नाही, तो मोजायचा नाही. फक्त पहिला लागला तेव्हा दुसरा बघायचा असं सोपं करायला जाशील तर तिथेच फसशील.

काउंटर आता खालीही जाऊ शकतो, म्हणून कॉम्प्युटरकडचा तो नियम बदल, दोन-चार पिकने लहान झाला तर ते उसवणं आहे, रिसेट नाही. रिसेटसाठी नॅनोकडून वेगळा आकडा पाठव, किती वेळा चालू झाला तो, एक रजिस्टर जास्तीचं.

आणि उलटे गेलेले पिक वेगळे पण मोजून ठेव. कुठल्या मागावर धागा जास्त तुटतोय ते त्यातून दिसेल, आणि मग बघायचं की धोट्यात काही अडतंय का सूतच हलकं आलंय.

मागावरचा_पोरगा

उद्या ४ नंबरवरच आधी लावतो, मामा समोर उभे राहणार म्हणालेत. लावून झालं की ते स्वतः दहा वेळा मागे-पुढे फिरवून बघणार आहेत, आकडा हलला नाही तरच बाकीच्या अकरांना लावू.